सर्व्हरचं नेटवर्क ट्रॅफिक मोजायला आणि ग्राफ काढायला कोणतं साधन निवडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोकण किनारपट्टीवर छोटे-मध्यम सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. हापूसच्या ऑर्डरी घेणारी वेबसाइट, मालवण-तारकर्लीकडच्या होमस्टेचं बुकिंग, पतसंस्थेच्या कार्यालयातला सर्व्हर, शाळेच्या संगणक कक्षातला रास्पबेरी पाय (छोटा स्वस्त संगणक) किंवा गावात इंटरनेट पुरवणाऱ्या केबलवाल्याची मशीन, अशा सगळ्यांना यातलं काही ना काही लागू पडेल. सर्व्हर लिनक्सवर आहे असं धरलं आहे.

साधनं ढीगभर आहेत. सुरुवात कुठून करायची?

आधी तुमचा प्रश्न ठरवा, साधन आपोआप ठरेल. लोक सहसा चारपैकी एक गोष्ट विचारत असतात. महिन्याला किती डेटा गेला? आत्ता या क्षणी लाइन कोण खातंय? परवा संध्याकाळी साइट अडकली तेव्हा नेमकं काय झालं? आणि लाइन मुळात जिवंत आहे का?

पहिल्याला व्हीएनस्टॅट पुरतं. दुसऱ्याला आयएफटॉप किंवा नेटहॉग्ज. तिसऱ्याला इतिहास साठवणारं काहीतरी हवं: मुनिन, कॅक्टाय, नेटडेटा किंवा प्रोमिथिअस-ग्राफाना (पहिला आकडे साठवतो, दुसरा ग्राफ काढतो). चौथ्याचं उत्तर त्या सर्व्हरवर बसवलेलं कोणतंच साधन देऊ शकत नाही, त्यासाठी दुसऱ्या ठिकाणाहून तपासणी लागते.

आमचं स्पष्ट मत असं की एकच सर्व्हर असेल तर आज व्हीएनस्टॅट आणि आयएफटॉप बसवा. दोन्ही मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. महिनाभर आकडे बघा, आणि त्यानंतरही उत्तर न मिळालेला प्रश्न उरला तरच मोठ्या साधनाकडे वळा. पहिल्याच दिवशी ग्राफानाचे तीस पॅनल लावणारे बहुतेक जण पंधरवड्यात ते बघायचं सोडून देतात.

ही साधनं आकडा आणतात तरी कुठून?

चार वाटा आहेत, आणि साधनांमधला खरा फरक इथेच आहे.

पहिली वाट कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, काउंटरची. लिनक्स प्रत्येक इंटरफेसवरून (नेटवर्क कार्ड किंवा तसंच जोडणीचं टोक) किती बाइट आले-गेले याची बेरीज सतत ठेवत असतं. '/प्रोक/नेट/डेव्ह' ही फाइल उघडलीत तर ते आकडे तिथे दिसतात. व्हीएनस्टॅट, मुनिन, कलेक्टडी, नेटडेटा आणि प्रोमिथिअसचा नोड एक्सपोर्टर हे सगळे तोच आकडा ठरावीक वेळाने वाचतात आणि दोन वाचनांतला फरक काढतात. यात सर्व्हरवर भार जवळपास पडत नाही, पण ट्रॅफिक कोणाचं हे कळत नाही.

दुसरी वाट प्रत्येक पॅकेट उघडून बघण्याची. आयएफटॉप, डार्कस्टॅट, एनटॉपएनजी ती वापरतात. कोण कोणाशी बोलतंय हे समजतं, पण रूटचे अधिकार लागतात आणि वेगवान लाइनवर प्रोसेसर खर्ची पडतो.

तिसरी एसएनएमपी, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांना त्यांचे आकडे विचारण्याची ठरलेली पद्धत. राउटर, स्विच यांचे काउंटर यूडीपी पोर्ट १६१ वरून विचारायचे. एमआरटीजी, कॅक्टाय, लिब्रेएनएमएस ही साधनं यावर उभी आहेत. चौथी वाट नेटफ्लो आणि एसफ्लोची. त्यात राउटर स्वतःच संभाषणांचा गोषवारा बाहेर पाठवतो. पन्नास-शंभर ग्राहक असलेल्या केबलवाल्याला ती उपयोगी, एका वेबसाइटवाल्याला नाही.

व्हीएनस्टॅट नीट कसं बसवायचं?

डेबियन किंवा उबुंटूवर नेहमीच्या 'एपीटी' ने पॅकेज बसतं आणि त्याची पार्श्वसेवा लगेच सुरू होते. पहिली पाच-दहा मिनिटं 'अजून पुरेसा डेटा नाही' असाच संदेश दिसेल. लगेच काढून पुन्हा बसवू नका, थांबा.

तेवढ्या वेळात तुमचा बाहेर जाणारा इंटरफेस कोणता ते बघा. 'आयपी राउट' आदेशाच्या 'डीफॉल्ट' ओळीत 'डेव्ह' या शब्दापुढे त्याचं नाव असतं. सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणारं साधन) असेल तर व्हीएनस्टॅटच्या यादीत 'व्हीइटीएच' ने सुरू होणारी बरीच नावं दिसतील. ती कंटेनरांची आभासी टोकं आहेत, डेटाबेसमधून काढून टाका. त्यांची बेरीज मुख्य इंटरफेसच्या आकड्यात मिळवलीत तर तेच बाइट दोनदा मोजले जातात. ब्रिज वापरत असाल तर तोच घोळ मूळ कार्ड आणि ब्रिज यांच्यात होतो.

मग '/इटीसी' मधली व्हीएनस्टॅटची कॉन्फिग फाइल उघडा आणि तीन गोष्टी बघा.

'मंथरोटेट'. डेटाची मर्यादा १ तारखेला नाही तर समजा १२ तारखेला नव्याने सुरू होत असेल, तर इथे १२ लिहा. हे सुरुवातीलाच करा, नाहीतर तुमचा महिना आणि बिलाचा महिना कधीच जुळणार नाहीत.

'फाइव्हमिनिटअवर्स'. पाच-पाच मिनिटांची नोंद मुळात फक्त ४८ तास राहते, ताशी नोंद ४ दिवस, रोजची ६२ दिवस. शनिवारी बिघडलेलं तुम्ही मंगळवारी बघणार असाल तर ४८ तास पुरणार नाहीत. जागा नगण्य लागते, बिनधास्त वाढवा.

'मॅक्सबँडविड्थ'. लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा हा आकडा कमी पडला तर खरं ट्रॅफिकही अशक्य समजून टाकून दिलं जातं.

शेवटी खात्री. साधारण १ जीबीची एखादी फाइल सर्व्हरवर उतरवा, दहा मिनिटांनी पाच मिनिटांचा तक्ता बघा. आलेल्या डेटात तेवढीच भर, वर हेडरचे दोन-चार-पाच टक्के, दिसली पाहिजे. हे तपासल्याशिवाय कोणत्याही ग्राफवर विश्वास ठेवू नये. चित्ररूप ग्राफ हवा असेल तर सोबतचं 'व्हीएनस्टॅटआय' पीएनजी काढून देतं. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आदेश चालवणारी लिनक्सची सोय) दर पाच मिनिटांनी चालवा आणि ते चित्र पासवर्डमागच्या पानावर ठेवा.

ग्राफमधला दिवस पहाटे साडेपाचला का सुरू होतो?

सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे म्हणून. आपली वेळ साडेपाच तास पुढे असते. 'टाइमडेटसीटीएल' ने टाइमझोन आशिया/कोलकाता करा आणि व्हीएनस्टॅटची सेवा पुन्हा सुरू करा. प्रोमिथिअस आत यूटीसीच साठवतो, ग्राफाना दाखवताना ब्राउझरची वेळ लावतो. तिथे काही बदलू नका.

वीज जाऊन आली की ग्राफमध्ये खड्डे पडतात, कधी ग्राफ तिथेच थांबतो. का?

किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर.

खड्डा पडणं योग्यच आहे. मशीन बंद असताना कोणी मोजलेलं नाही, तेव्हा रिकामी जागाच दिसायला हवी. काही जण ग्राफानात रिकाम्या जागी शून्य दाखवण्याची सोय चालू करतात. तसं करू नका. 'ट्रॅफिक नव्हतं' आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बिघाड शोधताना नेमका तोच फरक कामाला येतो.

व्हीएनस्टॅट दर पाच मिनिटांनी डेटाबेसमध्ये लिहितं. अचानक वीज गेली तर शेवटची पाचेक मिनिटं जातात, बाकी सहसा सुखरूप असतं. रीबूटनंतर कर्नलचा काउंटर शून्यापासून सुरू होतो, पण नावाजलेली सगळी साधनं ही घसरण ओळखतात. घरगुती स्क्रिप्ट मात्र नव्या आकड्यातून जुना वजा करून भलामोठा उणे आकडा देते. स्वतः स्क्रिप्ट लिहिली असेल तर 'नवा आकडा जुन्यापेक्षा लहान असेल तर वजाबाकी करू नये' ही अट घाला.

ग्राफ पूर्ण थांबण्याचं कारण बहुतेक वेळा घड्याळ असतं. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत बोर्डावर बॅटरीचं घड्याळच नाही. पाचव्यात घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते. वीज आल्यावर पाय शेवटी जतन केलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो आणि खरी वेळ इंटरनेटवरून घेतो. वादळात वीज येते आणि फायबर तुटलेलंच राहतं, तेव्हा घड्याळ कित्येक तास मागे असतं. आरआरडीटूलला (मुनिन, कॅक्टाय ज्यात आकडे साठवतात ते साधन) आधीच्या नोंदीपेक्षा मागची वेळ मिळाली की तो नोंद नाकारतो. लॉगमध्ये 'इल्लीगल अटेम्प्ट टू अपडेट' दिसलं तर हेच समजा. प्रोमिथिअसही मागच्या वेळेचे नमुने फेकून देतो. व्हीएनस्टॅट घड्याळ जुळण्याची थोडा वेळ वाट बघतं, पण त्यालाही मर्यादा आहे.

उपाय स्वस्त आहे. डीएस३२३१ चं घड्याळ-मॉड्यूल आयटूसी पिनांवर लावा. त्याला ३.३ व्होल्ट द्या, ५ देऊ नका. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. ५ व्होल्ट दिले की ते सीआर२०३२ सारखा चार्ज न होणारा सेलही चार्ज करू बघतं आणि सेल फुगतो.

पायवर प्रोमिथिअस चालवत असाल तर त्याचा डेटा मेमरी कार्डावर ठेवू नका. तो सतत लिहीत असतो. कार्ड झिजतं, आणि लिहिण्याच्या मधोमध वीज गेली तर फाइल सिस्टीमही जाते. यूएसबीवर छोटी एसएसडी लावा.

फायबर तुटलं की आम्ही मोबाइल डेटावर जातो. ते ट्रॅफिक वेगळं मोजता येईल का?

डोंगल थेट सर्व्हरला लावला असेल तर सोपं आहे. त्याचा इंटरफेस 'डब्ल्यूवॅन०', 'यूएसबी०' किंवा 'पीपीपी०' अशा वेगळ्या नावाने येतो. डोंगल चालू असताना तो व्हीएनस्टॅटमध्ये एकदा जोडून ठेवा. नंतर आपोआप येईल असं धरून चालू नका, मूळ सेटिंगमध्ये नवे इंटरफेस आपोआप जोडले जात नाहीत.

दोन लाइनींमधली अदलाबदल राउटर करत असेल तर मात्र सर्व्हरला फक्त आपलं कार्ड दिसतं. पलीकडे फायबर आहे की मोबाइल, हे त्याला कळत नाही. मग मोजणी राउटरवर, एसएनएमपीनेच करावी लागते. हे ध्यानात न आल्यामुळे अनेकांना बॅकअप लाइनचा हिशेब कधीच लागत नाही.

याला महत्त्व का, ते एका आकड्यावरून बघा. दिवसाला २ जीबीचा प्लॅन आहे आणि सर्व्हरवरून २ एमबीपीएसचा एकच सीसीटीव्ही कॅमेरा बाहेर चालू आहे. २ जीबी म्हणजे १६,००० मेगाबिट, भागिले २ म्हणजे ८,००० सेकंद. सव्वादोन तासांत दिवसाचा कोटा संपला, बुकिंगचं पान त्यानंतर उघडणार नाही. बॅकअप लाइन लागताच कॅमेऱ्याचं प्रक्षेपण थांबवणारा नियम राउटरवर आधीच घालून ठेवा.

ग्राफ ९८ एमबीपीएसच्या आसपास सपाट होतो. लाइन तर ३०० ची आहे.

सपाट माथा म्हणजे कुठेतरी मर्यादा लागली आहे, आणि १०० च्या जरा खालची मर्यादा म्हणजे जवळपास नेहमीच १०० एमबीपीएसवर घसरलेलं इथरनेट. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार नीट टेकेनाशी झाली की दोन्ही टोकं मुकाट्याने १०० वर येतात. इंटरनेट चालू राहतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

समुद्राजवळ हे वारंवार होतं. आरजे४५ चा प्लग काढून उजेडात धरा. आठ सोनेरी पट्ट्यांपैकी एखाद-दुसरीवर हिरवट-काळपट थर दिसला की कारण सापडलं. खारी हवा मुलाम्याच्या बारीक चिरेतून खालच्या धातूपर्यंत पोचते. पुसून दोन आठवडे चालेल, पुन्हा तेच. प्लग कापून नवा बसवा आणि पोर्टच्या आतल्या पट्ट्याही बघा. केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर ती पूर्ण बदला.

'इथटूल' आदेशाने सध्याचा वेग कळतो. '/सिस/क्लास/नेट' खाली इंटरफेसच्या फोल्डरमध्ये 'स्पीड' नावाची फाइल असते, तिथेही तोच आकडा मिळतो. नोड एक्सपोर्टर वेग आणि चुकीच्या पॅकेटांची संख्या दोन्ही देतो. ट्रॅफिकच्या ग्राफखाली चुकांचा ग्राफ जरूर ठेवा. तो शून्यावरून हलला की सीआरसी चुकांचा (वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचा) काउंटर बघा. तोही वाढत असेल तर केबल, प्लग किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी खराब आहे आणि वेग घसरण्याच्या आधीच तुम्हाला सूचना मिळाली आहे. व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) 'स्पीड' फाइल बहुधा उणे एक दाखवते. तिथे कार्ड आभासी असतं, काळजी नको.

साइट अडकते, पण ग्राफ म्हणतो लाइन रिकामी होती.

ग्राफ पाच मिनिटांची सरासरी दाखवतोय. १०० एमबीपीएसची लाइन ३० सेकंद पूर्ण भरली आणि उरलेले २७० सेकंद मोकळी राहिली, तर पाच मिनिटांची सरासरी येते १० एमबीपीएस. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी ऑर्डरींची झुंबड ही अशाच छोट्या उसळ्यांची असते.

आरआरडीवर चालणाऱ्या साधनांत हे आणखी बिघडतं. डेटा जुना होत जातो तसा तो दोन तासांच्या, मग दिवसाच्या सरासरीत दाबला जातो, आणि शिखरं खचत जातात. म्हणून सरासरीसोबत 'मॅक्स' ही नोंदही साठवली जाते आहे ना, ते बघा. गेल्या वर्षीच्या हंगामावरून यंदाचा प्लॅन निवडायचा तर कमाल आकडाच हवा.

सेकंदाची बारीक नजर हवी असेल तर नेटडेटा. तो दर सेकंदाला मोजतो आणि बसवल्यावर लगेच पोर्ट १९९९९ वर ग्राफ दिसू लागतात. बिघाडाच्या आठवड्यापुरता बसवायला आम्ही नेटडेटाच सुचवू.

इंटरनेट किंवा सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीचा आकडा आणि आमचा आकडा जुळत नाही.

चार कारणं तपासा, याच क्रमाने.

बिट की बाइट? लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइल बाइटमध्ये मोजतात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. १ एमबीपीएस अखंड ३० दिवस चालली तर ३२४ जीबी होतात. हा एक आकडा पाठ ठेवा, निम्मे हिशेब तोंडी होतात.

हजार की १०२४? व्हीएनस्टॅट मुळात १०२४ च्या पटीत दाखवतं. कंपनीचे १,००० जीबी त्याच्यावर ९३१ दिसतील. कॉन्फिगमध्ये 'युनिटमोड' २ केलं की दशमान एककं येतात.

आत की बाहेर? स्विचच्या पोर्टला जे आत येतं ते तुमच्या सर्व्हरमधून बाहेर गेलेलं असतं. कंपनीच्या ग्राफवरची 'इन' रेघ तुमची 'आउट' असू शकते. आणि अनेक क्लाउडवाले फक्त बाहेर जाणारा डेटाच मोजतात.

चौथं कारण, मोजणी फायरवॉलच्या काउंटरवरून केली असेल तर. आयपीटेबल्सचे काउंटर फक्त आयपीव्ही४ धरतात. मोबाइलवरून येणारे बरेच ग्राहक आता आयपीव्ही६ ने येतात, ते त्यात येतच नाहीत.

राउटरचा एसएनएमपी ग्राफ गर्दीच्या वेळी अचानक खाली पडतो.

३२ बिटचा काउंटर. तो ४,२९,४९,६७,२९६ बाइटपर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण भरलेल्या १०० एमबीपीएसवर हे ५ मिनिटं ४३ सेकंदांत होतं, गिगाबिटवर ३४ सेकंदांत. तुम्ही दर पाच मिनिटांनी विचारत असाल तर सरासरी ११४ एमबीपीएसच्या पुढे काउंटर दोन वाचनांच्या मध्ये एक पूर्ण फेरा मारून पुढेही जातो, आणि साधनाला ते कळत नाही. ट्रॅफिक जास्त तेव्हाच आकडा कमी, असं दिसतं ते त्यामुळे.

६४ बिटचे काउंटर निवडा. त्यांच्या नावात 'एचसी' असतं, कॅक्टायमध्ये ६४ बिटचा वेगळा ग्राफ-साचा मिळतो. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ते मिळत नाहीत, २सी किंवा ३ लागते.

प्रोमिथिअस आणि ग्राफाना घ्यावं का?

तीन-चारपेक्षा जास्त मशीन असतील, किंवा नेटवर्कसोबत डिस्क, मेमरी, डेटाबेस एकाच पानावर बघायचं असेल, तर घ्या. एका वेबसाइटसाठी नको. १ जीबी रॅमच्या व्हीपीएसवर तर ही जोडी मुख्य कामासोबत बसवूच नका.

रचना अशी: प्रत्येक मशीनवर नोड एक्सपोर्टर, पोर्ट ९१००. एका मशीनवर प्रोमिथिअस, पोर्ट ९०९०. ग्राफाना पोर्ट ३००० वर. प्रोमिथिअस मुळात १५ दिवसांचाच इतिहास ठेवतो. आंब्याचा हंगाम मागच्या वर्षाशी ताडायचा असेल तर सुरू करतानाच ही मुदत वाढवा. जागेचा अंदाज घ्या: एका मशीनच्या हजारभर मालिका (वेगवेगळ्या मोजल्या जाणाऱ्या गोष्टी), दर १५ सेकंदांनी, म्हणजे दिवसाला ५७.६ लाख नमुने. एका नमुन्याला साधारण १ ते २ बाइट लागतात, तेव्हा दिवसाला ११-१२ एमबीच्या आत. वर्षाला चारेक जीबी होतात.

ग्राफ काढताना 'रेट' हे फंक्शन वापरा आणि उत्तराला ८ ने गुणा, म्हणजे बिट मिळतात. रेटची खिडकी वाचनाच्या अंतराच्या किमान चौपट ठेवा. १५ सेकंदांना वाचत असाल तर १ मिनिट. त्याहून लहान ठेवली की एखादं वाचन हुकताच ग्राफ तुटतो. 'एलओ' (मशीनचं स्वतःशीच चालणारं ट्रॅफिक), 'व्हीइटीएच' आणि डॉकरचे इंटरफेस गाळा.

मुनिन, कॅक्टाय, झॅबिक्स यांचं काय?

मुनिन साधं आहे, दर पाच मिनिटांनी चालतं, पोर्ट ४९४९. शाळा किंवा छोट्या कार्यालयाला उत्तम. कॅक्टाय स्विच आणि राउटर जास्त असतील तिथे. पीएचपी आणि मारियाडीबी सांभाळायची तयारी हवी. झॅबिक्स इशाऱ्यांसाठी भक्कम आहे, पण शिकायला वेळ लागतो. एमआरटीजी १९९५ पासून आहे आणि एका राउटरच्या दोन रेघांसाठी आजही ते कमी पडत नाही.

लाइन नेमकं कोण खातंय हे कसं शोधू?

त्या क्षणी बसलेले असाल तर आयएफटॉप. इंटरफेसचं नाव आणि आयपीची नावं न शोधण्याचा पर्याय देऊन चालवा, नाहीतर डीएनएसच्या चौकशांतच पडदा अडकतो. उजवीकडचे तीन रकाने म्हणजे २, १० आणि ४० सेकंदांची सरासरी. मधला बघा. कोणत्या प्रोग्रामचं ट्रॅफिक, हे नेटहॉग्ज सांगतो.

वेबसाइटचं ट्रॅफिक असेल तर सर्वांत चांगलं साधन आधीच तुमच्याकडे आहे: वेब सर्व्हरचा ॲक्सेस लॉग. अपाची किंवा एनजिनेक्सच्या नेहमीच्या साच्यात, जागा सोडून मोजलं तर सातवा रकाना फाइलचा पत्ता आणि दहावा पाठवलेले बाइट. एडब्ल्यूके या रकान्यांवर काम करणाऱ्या आदेशाने पत्त्यागणिक बेरीज करा, उतरत्या क्रमाने लावा, वरच्या दहा ओळी बघा. आंब्याच्या आणि होमस्टेच्या साइटवर पहिल्या ओळींत बहुतेक वेळा कॅमेऱ्यातून थेट चढवलेले फोटो सापडतात. ६ एमबीचे पाच फोटो म्हणजे एका भेटीला ३० एमबी, दोन हजार भेटींना ६० जीबी. तेच फोटो २०० केबीवर आणले की २ जीबी. मोठा प्लॅन घेण्याआधी हे करून बघा.

इशारे कसे लावावेत?

कमी आणि ठाम. एका नमुन्यावर कधीही इशारा लावू नका. लाइन ८० टक्क्यांवर सलग १५ मिनिटं राहिली तर एक. महिन्याचा कोटा ७० टक्के संपला तर एक, आणि त्यातही तारीख बघा: १० तारखेला ७० टक्के म्हणजे गडबड, २५ तारखेला ठीक. ट्रॅफिक नेहमीपेक्षा अगदी खाली गेलं तर एक. हा तिसरा लोक विसरतात. होमस्टेच्या साइटवर दिवसाउजेडी अर्धा तास काहीच ट्रॅफिक नाही, तर बहुधा साइटच बंद आहे.

सर्व्हर किंवा लाइन बंद पडल्याचा इशारा बाहेरूनच आला पाहिजे. रत्नागिरीच्या कार्यालयातली वीज गेली की तिथला मॉनिटर तुम्हाला काय कळवणार? मुंबईतल्या एखाद्या स्वस्त व्हीपीएसवरून दर मिनिटाला तपासणी लावा. विलंब आणि गळती बघायची असेल तर तिथेच स्मोकपिंग बसवा.

९५ पर्सेंटाइलचं बिल म्हणजे काय?

३० दिवसांत पाच मिनिटांचे ८,६४० नमुने होतात. त्यातले सर्वांत मोठे ५ टक्के, म्हणजे ४३२, बाजूला काढतात आणि उरलेल्यातल्या सर्वांत मोठ्या नमुन्यावर बिल लावतात. ४३२ नमुने म्हणजे ३६ तास. रोज रात्री एक तास बॅकअप चालला तर महिन्याचे ३० तास, त्यातच मावतो. दीड तास चालला तर ४५ तास, आणि बिल बॅकअपच्या वेगावर लागतं. व्हीएनस्टॅटच्या नव्या आवृत्त्या हा आकडा काढून देतात, पण त्यासाठी 'फाइव्हमिनिटअवर्स' किमान ७४४ हवं.

हे ग्राफ इंटरनेटवर उघडे ठेवले तर चालेल का?

नाही. नेटडेटा आणि नोड एक्सपोर्टर पासवर्ड न विचारता सगळं दाखवतात. त्यांना फक्त १२७.०.०.१ वर ऐकायला लावा आणि एसएसएच टनेल किंवा वायरगार्ड अशा सुरक्षित खाजगी वाटेतून बघा. एसएनएमपीचा 'पब्लिक' हा परवलीचा शब्द बदला आणि पोर्ट १६१ बाहेरून बंद करा. उघडा एसएनएमपी दुसऱ्यांवर हल्ला करायला वापरला जातो. तेव्हा तुमचा ग्राफ चढेल, कारण मात्र तुमच्या ग्राहकांत सापडणार नाही.

विंडोज सर्व्हर आहे.

तात्पुरतं बघायला रिसोर्स मॉनिटर. इतिहासासाठी विंडोज एक्सपोर्टर, पोर्ट ९१८२, बाकी रचना प्रोमिथिअसचीच.

जुना डेटा किती ठेवावा आणि कुठे?

रोजचा हिशेब किमान दोन वर्षांचा. कोकणातलं ट्रॅफिक ऋतूप्रमाणे चालतं: मार्च ते मे आंबा, मे आणि डिसेंबरात पर्यटक, मग गणपती. एका वर्षाचा ग्राफ बघून काही ठरवता येत नाही.

प्रत मात्र दुसऱ्या गावात हवी. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी सर्व्हर आणि त्याच्या शेजारची बॅकअपची डिस्क दोन्ही एकदमच जातात. व्हीएनस्टॅटचा डेटाबेस '/व्हीएआर/लिब/व्हीएनस्टॅट' मध्ये असतो, एसक्यूलाइटची एकच फाइल, सहसा काही एमबीची. सेवा क्षणभर थांबवा, फाइल कॉपी करा, सेवा सुरू करा, मग ती प्रत आरसिंकने बाहेर पाठवा. चालू सेवेतून सरळ कॉपी केलेली फाइल अर्धवट निघू शकते. आठवड्यातून एकदा हे क्रॉनमध्ये लावा, आणि पावसाळ्याआधी एकदा ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून महिन्यांचा तक्ता खरंच दिसतो का ते बघा.